मघाशी बेस व्हता

कुठलीही नवी वस्तू हातात आली की ते आधी तिची पाठ बघत. लग्नाची पत्रिका असो, मिठाईचा खोका असो, नाहीतर नवीकोरी गिटार असो. आधी उलटी करायची, डोळ्यांजवळ न्यायची, अंगठ्याने दोनदा ठोकायची आणि मग म्हणायचं, "वरून बरं आहे. पण यात काहीतरी गोम आहे."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते आज असते तर त्यांनी हे पान उलटं करून मागे काय छापलंय ते पाहिलं असतं आणि मग मला गाठून विचारलं असतं, "इतकी माणसं सोडून माझ्यावरच का लिहिलं, माईकवाले? कोणी सांगितलं?" म्हणून नाव नको. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो, तुम्हीही भाऊच म्हणा.

माईकवाला म्हणजे मी. दिवसा मानकोली नाक्यावरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात ट्रकच्या मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, फाडायचो आणि संध्याकाळी चकचकीत कोट चढवून भिवंडीतल्या एका ऑर्केस्ट्रात "रसिकहो" म्हणायचो. भाऊ आमच्या ऑर्केस्ट्रात खर्जात घुमणारी बेस गिटार वाजवत. त्यांचाही दिवसाचा धंदा वेगळाच होता. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. पॉवरलूमच्या जळालेल्या मोटारी तिथे येत, भाऊ आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून नवी गुंडाळून देत. दुकानाच्या मागेच लूमची शेड होती, तिची खटखट दिवसभर चालू. भाऊ त्या खटखटीवर पाय हलवत तार गुंडाळायचे, आणि मला वाटतं त्यांचा ठेका तिथेच पक्का झाला असावा.

गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "पहले किसने खोला था?"

"किसीने नहीं खोला भाई, कसम से."

"खोला है. स्क्रू बोलता है."

आणि गंमत म्हणजे पुष्कळदा खरंच कोणीतरी उघडलेली असायची. अशा माणसाचा संशय दहातून चार वेळा खरा ठरला की तो उरलेले सहा विसरून जातो. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, पाहा आठवून.

संशयी माणूस म्हटला की आपल्याला कडवट तोंडाचा कोणीतरी आठवतो. भाऊ तसे नव्हते. संशय ही त्यांची माया करायची पद्धत होती. मला एकदा ताप आला तेव्हा ते घरी आले, औषधाची बाटली उलटी करून पाहिली आणि खाटेवर बसून हळूच म्हणाले, "ताप ठीक आहे हो. पण ऑफिसात काही झालंय का? मला सांगा." काहीच झालं नव्हतं. पण माझ्या ताप नसलेल्या दुखण्याची चौकशी करणारा तो एकटाच माणूस होता.

आता गिटारींकडे वळतो. बेस गिटारवाल्यांमध्ये फॅशनचं वारं बायकांच्या साड्यांपेक्षा जास्त फिरतं, हे मला ऑर्केस्ट्रात आल्यावरच कळलं. गाणारे वर्षानुवर्षं तीच गाणी गातात, माझे तर विनोदही बदलत नसत, पण बेसवाल्याच्या गळ्यात काय आहे यावरून पार्टीचा दर्जा ठरे. मुंबईत जुनी झालेली फॅशन कल्याणला यायची आणि मग खाडी ओलांडून सावकाश भिवंडीत. पण आली की तापासारखी यायची. दोन हजार सालाच्या आगेमागे बिनमुंडीची गिटार आली.

बिनमुंडीची म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात तो वरचा भागच नाही. दांडा मध्येच कापल्यासारखा संपतो आणि खुंट्या खाली बुडाशी. आसपासच्या सगळ्या बेसवाल्यांनी ती घेतली. हळदीचा कार्यक्रम ठरवायला आलेली माणसं ऑर्केस्ट्राच्या मालकाला विचारू लागली, "तुमच्याकडं बिनमुंडीवाला हाय का?" आमचे मालक स्वतःच गायचे, गोड गळ्याचा आणि गोड बोलणारा माणूस. त्यांनी भाऊंच्या मागे लकडा लावला. भाऊंनी शेवटी गिटार घेतली, पण तोंड वाकडं करूनच.

"कोंबडीवाला मुंडी काढतो तेव्हा ती वजनात धरत नाही," ते म्हणाले. "हे लोक मुंडी काढतात आणि वर भाव वाढवतात. यात काहीतरी गोम आहे."

दापोड्याला एका हळदीत एक म्हातारी स्टेजच्या अगदी पुढे येऊन बसली होती. सगळं आवरल्यावर तिने भाऊंना हाक मारली. "बाबा, तुज्या सतारीची मुंडी कुनी खाल्ली रं?"

भाऊ गिटार पेटीत ठेवता ठेवता थांबले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "मावशी, मलापण तोच संशय आहे."

त्यानंतर पट्ट्याची फॅशन आली. गिटार खाली, गुडघ्याशी लोंबली पाहिजे, म्हणजे वाजवणारा बेफिकीर दिसतो. भाऊ गिटार छातीशी धरत, लहान लेकराला घेतल्यासारखी. मालक म्हणाले, "भाऊ, जरा खाली सोडा ना, फोटोत बरी दिसेल." भाऊ म्हणाले, "गुडघ्याने वाजवू का?" या एका बाबतीत ते शेवटपर्यंत हटले नाहीत.

मग आली पाच तारांची. बेस गिटारला चार तारा असतात. कोणीतरी ठरवलं की आणखी एक जाड तार हवी, आणि वर्षभरात चार तारांची गिटार घेऊन स्टेजवर जाणं म्हणजे लेंग्यावर लग्नाला जाण्यासारखं झालं. भाऊंनी आठवड्यामागून आठवडे वाद घातला. "चार तारांत ज्याचं भागत नाही, त्याचं पाचवीत काय भागणार?" शेवटी घेतलीच. निळ्या रंगाची, चकाकणारी. वाजवताना पाचव्या तारेवर ते फक्त अंगठा टेकवत.

"मग घेतली कशाला?" मी विचारलं.

"अंगठ्याला बसायला जागा झाली," ते म्हणाले.

या नव्या गिटारीत आणखी एक भानगड होती. तिला सेल लागे. पाठीमागे एक झाकण, त्यात चौकोनी सेल. सेल नसला की गिटार मुकी. भाऊंना हे मुळीच पटलं नाही. गिटार म्हणजे काय भिंतीवरचं घड्याळ आहे का? घेतली त्याच दिवशी त्यांनी ती दुकानातल्या टेबलावर मोटारीसारखी उताणी घातली आणि उघडली. मी समोरच होतो. आत लाकडाच्या खाचेत सगळीकडे चांदीचा कागद चिकटवलेला होता, चॉकलेटला असतो तसा.

भाऊंनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. "बघितलंत? आत चांदीचा कागद. ज्याला आत काही लपवायचं नाही, तो आत कागद कशाला लावेल?"

आणि त्यांनी तो कागद नखाने, चिकाटीने, सगळा सोलून काढला. खाली नुसतं लाकूड निघालं. भाऊ थोडे निराश झाले, पण संशय फिटल्याचं समाधान होतं. तो कागद बाहेरच्या विजेची गुणगुण आत येऊ नये म्हणून लावलेला असतो, हे आम्हाला फार पुढे कळलं. त्या दिवसापासून भाऊंच्या गिटारीतून गाण्याच्या मागे एक बारीक घुंऽऽ यायला लागलं. मालक हळवं गाणं धरायचे आणि मागून माशी फिरल्यासारखा आवाज. भाऊंचा संशय साउंडवाल्यावर. साउंडवाल्याचा संशय मंडपाच्या वायरिंगवर. मंडपवाल्याचा संशय गावच्या ट्रान्सफॉर्मरवर. मग एके दिवशी ती गुणगुण आपोआप गेली. कशी गेली, हे कोणी विचारलं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मला वाटलं, भाऊंनीच काहीतरी दुरुस्ती केली असणार.

याच सुमारास भाऊ आम्हाला संशयास्पद वाटू लागले. कार्यक्रम संपला की ते गिटार घेऊन स्टेजच्या मागे अंधारात जात, पाठ करून काहीतरी करत आणि खिशात काहीतरी घालून परत येत. मालकांनी मला बाजूला घेतलं. "जरा लक्ष ठेवा. कल्याणच्या ऑर्केस्ट्राशी बोलणं चालू असेल. फोनबिन करतात का बघा." झालं, माझा संशयही तयार झाला. माणसाला संशयाची सवय लागायला फार दिवस लागत नाहीत. एकदा मी पडद्याआडून पाहिलं. भाऊ गिटारीच्या पाठीवरचं झाकण उघडून सेल काढत होते. तो रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात टाकला.

"हे काय भाऊ?"

ते दचकले. मग कुजबुजले, "टेम्पोत सामान एकत्र असतं. कोणीतरी चांगला सेल काढून उतरलेला घालतं. मला संशय आहे." त्या दिवसानंतर मी मालकांना सांगितलं की कल्याणचं काही नाही, आणि मालक का कोण जाणे, थोडे खट्टू झाल्यासारखे दिसले. ते तसे का दिसले याचा अर्थ मला नंतर लागला.

इथे आमच्या भागातला एक शब्द सांगायला हवा. तुमच्याही गावात असेल. गावातली म्हातारी माणसं चांगलं, छान या अर्थाने ‘बेस’ म्हणतात. जेवण बेस झालं, सोयरीक बेस जमली. आता आमच्या कार्यक्रमानंतर कोणी आजोबा येऊन म्हणाले, "बेस झाला हां कार्यक्रम," तर भाऊ गिटारीला हात लावून मान झुकवायचे. अर्थ त्यांना ठाऊक नव्हता असं नाही, ते इथलेच. पण ते म्हणत, "गावात आपल्या वाद्याचं नावच ‘चांगलं’ आहे. कीबोर्डचं आहे का असं? गिटारवाल्याचं आहे?" साऱ्या जगाची पाठ तपासणाऱ्या या माणसाने या एका शब्दाची पाठ कधी पाहिली नाही.

ज्या कार्यक्रमाबद्दल सांगायचंय, तोही दापोड्याचाच. शेतजमिनीवर गोदामं उठून पैसा आलेलं घर, मंडप एवढा मोठा की त्यात दोन ट्रक वळले असते. हळद होती. घरचे आजोबा पांढऱ्या टोपीत पहिल्या रांगेत. आमच्या कीबोर्डवाल्याने त्या दिवशी नवा कीबोर्ड आणला होता. कीबोर्डवाला कल्याणचा, बायकोपोरांचा, शांत माणूस. सात-आठ वर्षं भाऊंच्या शेजारी उभा राहून वाजवत होता. भाऊंनीही सकाळी गिटारीला नव्या तारा चढवल्या होत्या.

पहिला अर्धा कार्यक्रम असा रंगला की विचारू नका. हळदीची गाणी सुरू झाली आणि बायका उठून नाचायला लागल्या. बेस असा येत होता की माझ्या कोटाची बटणं थरथरत होती. भाऊ डोळे मिटून वाजवत होते. त्यांचे डोळे मिटलेले मी कधी पाहिले नव्हते. मिटले तर इकडे कोण काय करतंय ते कसं दिसणार? मध्यंतर झालं, पंगती बसल्या. भाऊ स्टेजच्या मागे खुर्चीवर टेकले. चेहरा घामाने निथळलेला आणि त्यावर हसू.

"माईकवाले," ते म्हणाले, "आज हात काय पडतोय! तारा बदलल्या ना, फरक पडला. असा मी कधीच वाजवला नव्हता."

मी थक्क झालो. भाऊंनी कशाचीही तारीफ केलेली मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तीही स्वतःची. घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमालातून चौकोनी सेल त्यांच्या तळहातावर पडला.

ते सेलकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. स्टेजवर चढताना तो गिटारीत घालायचा राहून गेला होता. म्हणजे संध्याकाळपासून भाऊंची गिटार मुकी होती. मग आम्ही सगळे ऐकत होतो तो बेस कोणाचा?

एवढ्यात घरचे आजोबा काठी टेकत तिथे आले. मागे एक बाई चहाचे कप घेऊन. आजोबांनी भाऊंच्या खांद्यावर थाप मारली. "बेस! औंदा लय बेस हाय तुमचं!"

भाऊंनी सेलवर मूठ मिटली आणि चहा घेतला. तो कप त्यांनी उलटून-पालटून पाहिला नाही, बशीखालीही पाहिलं नाही. आजोबा गेल्यावर त्यांनी मालकांना बोलावलं. आवाज चढवला नाही. मूठ उघडून सेल दाखवला आणि विचारलं, "माझी लाइन कधीपासून बंद आहे?"

मालकांचा गोड गळा त्या क्षणी बसला. बरेच आढेवेढे घेतल्यावर निघालं ते असं. ती गुणगुण सुरू झाली होती ना, तेव्हाच मालकांनी साउंडवाल्याला भाऊंचा आवाज मिक्सरवर बंद करायला सांगितलं होतं. आमचे सगळे आवाज त्या मिक्सरमधून जात आणि पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून आम्हाला परत ऐकू येत. भाऊंच्या बदल्यात कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवायचा. भाऊ वाजवत, स्पीकरमधून बेस येई, आणि तो आपलाच आहे याबद्दल भाऊंना, हो, भाऊंना, कधी शंका आली नाही.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही," मालक म्हणाले. "आणि भाऊ, लग्नवाल्यांना स्टेजवर बेस गिटार दिसायला लागते. निळी गिटार फोटोत उठून दिसते." मग थोडं थांबून, "मला वाटलं होतं तुम्ही कल्याणला चाललात. म्हटलं, विषय आपोआप मिटेल."

मालकांच्या त्या खट्टू चेहऱ्याचा अर्थ तेव्हा लागला. मला मालकांचा राग आला, आणि लगेच माझा माईक तरी चालू असतो का, असा प्रश्नही पडला.

भाऊ कीबोर्डवाल्याकडे वळले. तो मान खाली घालून उभा होता.

"हुबेहूब कसं वाजवतोस रे?"

"तुमचंच वाजवतो भाऊ," तो म्हणाला. "तुमच्या बोटांकडे बघून बघूनच शिकलो. तुम्ही जिथे थांबता तिथेच थांबतो. वेगळं काही येतच नाही मला."

त्यांच्या जागी दुसरा असता तर गिटार आपटून निघून गेला असता. भाऊंनी पाठीवरचं झाकण उघडून सेल घातला. "दुसऱ्या भागात पहिलं गाणं माझी लाइन उघडी ठेवा," ते म्हणाले. "आणि तुझा डावा हात खिशात. एकच गाणं. नंतर काय ते बघू." त्यांचं ऑर्केस्ट्रातलं असणं-नसणं त्या एका गाण्यावर होतं, हे आम्हाला सगळ्यांनाच कळत होतं.

मी माईकवर गेलो. नेहमीचा विनोद सुचेना. गाण्याची घोषणा करून बाजूला झालो. साउंडवाल्याने लाइन उघडली आणि मंडपभर ते जुनं घुंऽऽ पसरलं. मग भाऊंनी सुरुवात केली. कीबोर्डवाल्याने डावा हात खरोखर पॅंटच्या खिशात घातला होता आणि तो भाऊंकडे बघत होता.

मी तुम्हाला सांगू शकलो असतो की मंडप स्तब्ध झाला, बायका नाचायच्या थांबून ऐकू लागल्या. तसं काही झालं नाही. भाऊंनी चांगलंच वाजवलं. त्यांच्या वाजवण्यात एक खरबरीतपणा होता, बोट तारेवरून सरकल्याचा आवाज होता, जो कीबोर्डला येत नाही. मला तो फार आवडला. पण गुणगुण होती. नव्या कीबोर्डचा बेस गोल आणि भरदार होता, हा त्यापुढे बारीक वाटत होता, आणि पहिला अर्धा भाग ऐकून झालेल्या कानांना कमी काय पडलंय ते लगेच समजत होतं. नाचणाऱ्या बायकांचे पाय थोडे मंदावले.

पहिल्या रांगेत आजोबांनी कानामागे हात धरला आणि शेजारच्याला मोठ्याने विचारलं, कारण ऐकायला कमी येणारी माणसं मोठ्यानेच बोलतात. "आता काय घोंगावतंय रं? मघाशी बेस व्हता."

स्टेजवर ते स्पष्ट ऐकू आलं. शब्द तोच. त्याचा कुठलाही अर्थ लावा, भाऊंच्या बाजूचा एकही निघत नव्हता. त्यांनी गाणं पुरं केलं. एकही जागा सोडली नाही. मग साउंडवाल्याकडे बघून हाताने खूण केली, बंद कर. कीबोर्डवाल्याला म्हणाले, "काढ हात." पुढचं गाणं सुरू झालं, बेस परत आला आणि मंडप पुन्हा डोलायला लागला.

परतीच्या टेम्पोत मी त्यांच्या शेजारी बसलो. मला काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं. म्हटलं, "आजोबांना ऐकू कुठे नीट येतं भाऊ."

"म्हाताऱ्याचं बरोबर आहे," भाऊ म्हणाले. मग थोड्या वेळाने, बाहेर बघत, "मला वाईट त्याचं नाही वाटत. पहिल्या भागात मला वाटत होतं, मी वाजवतोय. तुम्हाला सांगतो, फार बरं वाटत होतं."

मला रडू आलं. अंधार होता म्हणून त्यांना दिसलं नसावं, पण त्यांना संशय नक्की आला असणार.

लग्नाचे दिवस अजून बाकी होते, तारखा घेतलेल्या होत्या. भाऊंनी त्या सगळ्या निभावल्या. मालकांनी दोनदा सांगून पाहिलं की वाटल्यास येऊ नका, भाऊ म्हणाले, शब्द दिलाय. लाइन बंद आहे हे माहीत असताना ते रोज स्टेजवर उभे राहिले, गिटार छातीशी. सेल घालणं मात्र त्यांनी बंद केलं. पावसाळा लागला आणि त्यानंतर ते आले नाहीत. मालकांनी त्यांच्या जागी लाल गिटारवाला एक माणूस उभा केला. तो वाजवतो की नाही हे मी तपासायला गेलो नाही.

नंतर एकदा भाऊ आणि मी कल्याणला वाद्यांच्या दुकानात गेलो. मीच त्यांना आग्रहाने नेलं होतं, वारं बदललंय म्हणून. खरंच बदललं होतं. पुन्हा चार तारांच्या गिटारी आल्या होत्या, मुंडीसकट, आणि त्यातल्या महागातल्या मुद्दाम रंग उडवलेल्या, कोपरे घासलेल्या, वीस वर्षं वापरल्यासारख्या. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "आता हीच चालतेय. नवीच आहे, कारखान्यातच जुनी करून देतात."

भाऊंनी ती उलटी केली. पाठही घासलेली होती. "जुनी मोटार रंग मारून नवी म्हणून विकणारे मी लई पाहिले," ते म्हणाले. "नवी घासून जुनी म्हणून विकणारा पहिलाच." आणि इतक्या दिवसांनी ते पोट धरून हसले. दुकानदार आमच्याकडे संशयाने बघायला लागला. भाऊंनी गिटार घेतली नाही. गणेशपुरीकडे त्यांच्या मुलीला दिलं होतं, तिच्याकडे जायचं म्हणून ते तसेच स्टॅंडवर गेले.

पुढे एका पहाटे ते झोपेतच गेले. घरच्यांना संशय यायलाही वेळ दिला नाही. मी गेलो तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि मागच्या शेडमधली लूम एका दिवसासाठी त्यांच्याकरता बंद ठेवलेली होती. भिवंडीत एवढं कोणासाठी सहसा होत नाही.

मला ते आठवतात मात्र त्या शेवटच्या सीझनमधले. दोन गाण्यांच्या मध्ये मला स्टेजवर उभं राहायला कुठेतरी जागा लागायची. त्या दिवसांत मी भाऊंच्या अगदी बाजूला जाऊन उभा राहू लागलो. समोर स्पीकरचा दणदणाट चालू असायचा. पण हातभर अंतरावर कान नेला तर त्या मुक्या गिटारीच्या नुसत्या तारांचा आवाज यायचा, बारीक, तांब्याच्या तारेला नख लागल्यावर येतो तेवढा. प्रत्येक सूर जागच्या जागी. जिथे थांबायचं तिथे थांबलेला.

शेवटच्या कार्यक्रमात त्यांच्या ते लक्षात आलं. वाजवता वाजवता त्यांनी भुवई वर केली. "काय ऐकताय?"

"तुमचा बेस."

"लाइन बंद आहे."

"माहीत आहे. इथे येतोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हा माणूस खोटं का बोलतोय, याला कोणी पाठवलंय, याच्या मनात काय आहे, सगळं त्या नजरेत होतं. मी हललो नाही. मग ते एक पाऊल माझ्या बाजूला सरकले, गिटारीचा दांडा माझ्या कानाकडे थोडा कलता केला आणि पुढचं कडवं जरा जोरात वाजवायला लागले.